निळ्याला निळा

(नागपूर, १९७८. कोष्टीपुऱ्यात घरासमोर पिकअप उभी. भैयाजी गाडीत बटनांवर वाकलेला, त्याचे वडील गणपतराव बाहेर.)

भैयाजी : पुन्हा दाबतो, बाबा. हॉर्न वाजला?

गणपतराव : नाही गा. गाडीतल्या देवाच्या फोटोवरचा बल्ब लागला.

भैयाजी : मी हॉर्नचं बटन दाबून राहिलो.

गणपतराव : बल्बच लागला. उजेड चांगला आहे त्याचा.

भैयाजी : आता बल्बाचं दाबतो.

गणपतराव : हा वाजला हॉर्न.

भैयाजी : अन् हे समोरच्या जास्तीच्या लाइटचं.

गणपतराव : लाइट नाही. तुह्याजवळचा पंखा फिरून राहिला पाह.

भैयाजी : डोकं फिरलं माहं. सकाळी सारे वायर मी टाकले, बटनं मी बसवली. फक्त टोकं जोडाची होती. तुमाले सांगतलं होतं ना, निळ्याले निळा, काळ्याले काळा, पांढऱ्याले पांढरा, पिवळ्याले पिवळा जोडा, मी इतवारीतून टेप घेऊन येतो?

गणपतराव : तसंच जोडलं. सारा जन्म मागावर सांधणी केली मी. रंग पाहून धाग्याले धागा जोडाचा, हे तू मले शिकवतं का? जुनी गाडी घेतली तू, तिच्यातच बिघाड असन.

भैयाजी : थांबा, खालून पाहतो. सांधे तं मस्त केले बाबा, ओढून सुटत नाही. पण हे काय? निळ्याले काळा जोडला तुमी.

गणपतराव : कुठं?

भैयाजी : हा काय. अन् इथं पांढऱ्याले पिवळा.

गणपतराव : ते पहिले दोन्ही तं निळेच आहेत.

भैयाजी : बाबा, जरा उन्हात या.

गणपतराव : उन्हातच तं आहो गा.

भैयाजी : ...हा कोणता?

गणपतराव : निळा.

भैयाजी : अन् हा?

गणपतराव : तोही निळा. थोडा मळकट आहे. काहून? नाही का?

भैयाजी : उत्तरा! बाहेर ये वं. तुह्या लग्नाची साडी दाखव. आत्ता.

उत्तरा : काहून दादा? मागावर आहे ते. पदर राहिला अजून.

भैयाजी : काठ कोणत्या रंगाचा आला? निळा का काळा? नवरीच्या अंगावर काळा काठ गेला तं लोक काय म्हणतीन?

उत्तरा : निळा आहे. साडीले काही झालं नाही.

भैयाजी : बाबाले तं निळा-काळा ओळखू येऊन नाही राहिला.

उत्तरा : माहीत आहे मले. दिवाळीपासून. म्हणून सुताच्या कांड्या मीच भरतो अन् मीच बाबाच्या हातात देतो. काळं सूत मी मागाजवळ ठेवतच नाही.

गणपतराव : मले वाटे, पोरीले कामाची हौस आली.

भैयाजी : अन् मले सांगतलं नाही?

उत्तरा : सांगतलं असतं तं तू बाबाले मागावरून उठवलं असतं. घरात हा एकच माग राहिला, दादा.

गणपतराव : म्हणजे... मले जो निळा दिसते, तो निळा नाही? मग हे आभाळ?

उत्तरा : ते निळंच आहे, बाबा.

गणपतराव : मले भेव लागून राहिलं, पोरी.

भैयाजी : मोतीबिंदू असन. रामदासपेठेत डोळ्याचा डॉक्टर आहे, उद्या याच गाडीत नेतो. हॉर्न वाजो का बल्ब लागो.

गणपतराव : नेजो. पण तोवर?

उत्तरा : तोवर मी आहो ना.

भैयाजी : अन् तू सासरी गेल्यावर?

उत्तरा : ...चला बाबा, आत. पदर राहिला आहे. कांड्या भरून ठेवल्या मी.

गणपतराव : किती भरल्या?

उत्तरा : टोपलंभर.

गणपतराव : एकच दे आज. पदराची घाई नाही मले.