आप्पांनी टाळी का वाजवली नाही

यार, परवा आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कमालच केली. पुण्यात ढोलपथकात आयुष्य गेलेला माणूस. त्यांना घेऊन आमच्या रियाच्या ड्रम कोरच्या, म्हणजे इकडच्या ढोलपथकाच्या, स्पर्धेला गेलो. मैदानात पोरं शिड्यांवर चढतायत, गवतावर लोळतायत.

"वाजवणार कधी?"

"आप्पा, थीम आहे. एकटेपणा."

"एवढी पोरं घेऊन?"

मग शेवटपर्यंत हाताची घडी. नातीसाठी एक टाळी नाही.

नंतर पार्किंग लॉटमध्ये त्याच पोरांनी गोल करून नुसतं वाजवायला घेतलं, तर हा माणूस गुडघेदुखी विसरून मधोमध नाचतोय. वाजवणं थांबताच रिया ड्रमसकट धावत आली.

"आजोबा, यू डिडन्ट लाइक द शो?"

"शो आत्ता झाला, बाळा. आत तुमची परीक्षा चालली होती. मी मध्येच आवाज कसा करणार?"