ॲश्लीची तीन वर्षं

नाही गं बाय, दाखला नकोय मला, तेच तर मघापासून सांगतोय. तीन वाजता वांद्र्याहून लीगचा माणूस येणार आहे, बास्केटबॉलच्या लीगचा, तो मागेल दाखला. दाखला कसला, तो पुस्तकच बघायला मागेल, बाप्तिस्म्याचं, दोन हजार ते दोन हजार चारचं. तू एवढंच म्हणायचं – पुस्तक नाही, पुरात गेलं. बस. पाच सालच्या जुलैत अर्ध्या दहिसरचे कागद गेले, कोण शंका घेणार आहे? तुला तर काही ठाऊक असायचं कारणच नाही, तू वसईची, महिन्याभरापूर्वी आलेली. तुझ्याआधी चर्चच्या या ऑफिसात क्लिफर्ड होता बावीस वर्षं, त्याला विचारलंच नसतं मी. त्याने पुस्तक उघडून माझ्या नाकासमोर धरलं असतं. तू नवीन आहेस म्हणून तुझ्याकडे आलोय, खोटं कशाला बोलू.

मी रॉनी. मागच्या गल्लीत घर आहे, पेरूच्या झाडाचं. बोरिवली ब्लेझर्सचा कोच. ऐकलं नसशील तू, कुणीच ऐकलेलं नाही, आमच्या मॅचला आमच्याच बायका येत नाहीत. दोन सीझन आम्ही शेवटून पहिले – अठरा मॅच, सोळा हरलो, दोन जिंकलो त्यातली एक समोरच्यांची बस घोडबंदरला अडकली म्हणून. मालक म्हणाला, रॉनी, पुरे झाली ही हौस, टीम बंद करतो. आणि मी म्हटलं, शेठ, बंद नका करू, पाडा आणि नव्याने बांधा. तो बिल्डर आहे ना, त्याला हीच भाषा कळते. जुनी माणसं सगळी काढा, पोरं घ्या, वीस-वीस वर्षांची, तीन वर्षं हरू द्या त्यांना, चौथ्या वर्षी बघा. लीगनेही मान्य केलं. त्यांची अट एकच – मैदानावरचे पाचही जण टीममध्ये घेताना एकवीसच्या आतले हवेत, मग तीन वर्षं शेवटचे आलात तरी तुम्हाला हाकलणार नाही. अकरा जणांना मी फोन करून काढलं, बाय. फ्रेडी नऊ वर्षं कॅप्टन होता, त्याला फोनवर काढलं. समोर जायची हिंमत झाली नाही. तो म्हणाला, ठीक आहे सर, बूट परत द्यायचेत का? मी म्हटलं, ठेव तुला.

अशी उभारली ही टीम. चार पोरं आणि त्यांच्या मध्ये ॲश्ली. सगळं ॲश्लीभोवती. सहा फूट पाच इंच, हात असे लांब की रिंगच्या खाली उभा राहिला की समोरच्याला आभाळ दिसत नाही, आणि पायात नाच आहे त्याच्या. मालकाच्या ऑफिसात भिंतीवर तक्ता लावलाय – पंचविसात ॲश्ली एवढा, सव्विसात एवढा, अठ्ठाविसात सहा फूट आठ. मीच काढून दिलाय तो तक्ता. मालक पाहुण्यांना दाखवतो. तर आता तूच सांग, त्या पोराच्या दाखल्यात जराशी चूक निघाली तर काय होईल? तीन वर्षं बंदी त्याला. टीम रद्द, त्याच दिवशी. बाकीची चार पोरं रस्त्यावर, त्यांचा काडीचा दोष नाही. चारकोपचा एक आहे, त्याने कॉलेज सोडलंय माझ्या शब्दावर. मीच त्याला म्हटलं, सोड. आणि मी – माझं सोड, अठ्ठावन्नचा झालो, मला कोण घेतंय.

चूक म्हणजे... लिहिण्यातली चूक. होते ना अशी, कारकून एक आकडा चुकतो. बघू नकोस अशी. बरं, चूक नाही. पुस्तकात बरोबरच लिहिलंय. अकरा नोव्हेंबर दोन हजार एक. पण शाळेच्या दाखल्यावर, आधारवर, लीगच्या कार्डावर सगळीकडे दोन हजार चार आहे. तीन वर्षं. येत्या अकराला तो एकवीसचा नाही होणार, चोवीसचा होणार. आता कळलं?

आणि मला एक सांग, कोणाचं काय बिघडलं त्यात? सगळे करतात. मी नॅशनल्सला पोरं घेऊन गेलोय, पंधरा वर्षांखालची मॅच आणि समोरच्या टीमच्या सेंटरला खेळणाऱ्या पोराला न्यायला त्याची बायको आलेली. मग आपणच का सरळ राहायचं? असं वाटायचं तेव्हा. आता – आता तू फॅन जरा वाढव ना. वाढत नाही? असू दे.

त्याच्या आयने केलं हे. तिला नवरा नाही, तो बोटीवर गेला तो तिकडचाच झाला, दोन पोरं पदरात, तिला वाटलं पोराला खेळात दिवस येतील. तिने अर्ज केला, तिने ॲफिडेव्हिट केलं, मी फक्त... मी काय, मी बरोबर गेलो होतो. नाही. थांब. चर्चच्या आवारात बसून हे नको बोलायला. तिने नुसती सही केली, बाय. तिने विचारलं, रॉनी, हे बरोबर आहे ना? आणि मी म्हटलं, मी त्याचा धर्मबाप आहे, मी त्याचं वाईट करीन का? धर्मबाप मी त्याचा. या समोरच्या दगडी कुंडाशी मीच धरला होता त्याला, डोक्यावर पाणी पडलं तर रडला नाही, माझ्या शर्टाची गुंडी तोंडात घालून चोखत बसला. त्या पुस्तकात त्याच्या नावापुढे सही माझी आहे. तीन वाजता लीगचा माणूस ते पान उघडेल तेव्हा त्याला तारीख दिसेल आणि तिच्याच ओळीत कोचची सही दिसेल. आता तुला कळेल मी का निथळतोय ते.

अकरा वर्षांचा होता तो. सहावीत. हुशार होता गं, गणितात तर फारच, मॅथ्सची मिस म्हणायची याला इंजिनिअर करा. मी त्याला त्या शाळेतून काढला आणि चारकोपला एका शाळेत नेऊन तिसरीत बसवला. तिसरीत. बाकावर त्याचे गुडघे मावत नव्हते, बाकाच्या बाहेर पाय काढून तिरका बसायचा. पहिल्या दिवशी बाईंनी बेरीज घातली फळ्यावर, याने हात वर केला, उत्तर दिलं, पुढचं, त्याच्या पुढचं. मी दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, हात वर करू नकोस, लोकांना संशय येतो. मग त्याने नाही केला. पुन्हा कधीच नाही केला. दहावीला बेचाळीस टक्के. ते मी त्याच्या आयला समजावलं – खेळाडू आहे, चालायचंच.

आणि पोर विचारायचं सुद्धा नाही काही. चौदा वर्षांखालच्या फायनलला गेलो होतो नागपूरला, तेव्हा तो सोळा पूर्ण. लॉजच्या न्हाणीत स्टुलावर बसवून मी त्याची दाढी केली, माझ्या रेझरने, मॅचच्या आधी एकदा आणि बक्षिसाच्या फोटोआधी पुन्हा एकदा. हनुवटीखाली कापलं. तो म्हणाला, अंकल, रक्त आलं. मी म्हटलं, सांग, पडलो. दरवेळी हेच शिकवलं त्याला – सांग, पडलो. सांग, उंच आमच्या घरात सगळेच. निकोल त्याची बहीण, त्याच्याहून दीड वर्षाने धाकटी – आता कागदावर ती थोरली झालीय ना. लहानपणी ती त्याला चिडवायची, ए बाळा, ताई म्हण मला. आधी तो हसायचा. नंतर त्यांच्या घरात वाढदिवसच करेनासे झाले, कारण केकवर कुठला आकडा घालायचा यावरून आय रडायची. मागच्या वर्षी आम्ही टीमने केला त्याचा, मालकाने केक आणला, त्यावर वीस. सगळे टाळ्या वाजवतायत. त्याने मेणबत्ती विझवली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही गं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मालकाचा फोन आहे, वाजू दे. सकाळपासून मी ॲश्लीला लावतोय, त्याचा बंद. प्रॅक्टिसलाही आला नाही आज. सहा वाजता पाच पोरांच्या जागी चार, आणि ती चार एकमेकांकडे बॉल टाकतायत नुसती, कुणाला कळत नाही पुढे काय करायचं. झोपला असेल. रात्री मीच सांगितलं ना त्याला, लीगवाले चर्चमध्ये जाणार आहेत, तू काळजी करू नकोस, मी बघतो. तो म्हणाला, अंकल, तुम्ही किती बघणार. एवढंच. मग म्हणाला, माझा गुडघा सकाळी वाकत नाही हल्ली, वीस वर्षांच्या माणसाचा असा होतो का? तक्ता मी काढलाय. सहा फूट आठ. तो एक सूतही वाढणार नाहीये, बाय, चोविसाव्या वर्षी कोण वाढतं? जो काय आहे तो आजच आहे, याच दोन-तीन वर्षांत, आणि मी अख्खी टीम अशी बांधलीय की सगळी मजा चौथ्या वर्षी यायची. पाया घातलाय तो पोकळ आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी बांधली. का, तर दुसरं काय होतं माझ्याकडे? हा एकच खरा खेळाडू माझ्या हातून घडला आयुष्यात.

तेव्हा ते पुस्तक. तू म्हणशील ते सांभाळून ठेवलेलं आहे, कपाटात आहे, वरून दुसऱ्या खणात, हिरव्या पाठीचं. मला माहीत आहे कुठे आहे ते. कसं माहीत ते पण सांगतो, आता काय राहिलंय. पुराचं पाणी या टेबलाच्या वर होतं, तेव्हा मी आणि क्लिफर्ड छातीपर्यंतच्या पाण्यातून ही पुस्तकं डोक्यावर घेऊन वर गेलो, गायकांच्या माळ्यावर. बाकीची वाचली, हे एक भिजलं. दोन दिवस मी ते पान-पान सोडवत बसलो. पानांमध्ये ब्लॉटिंग पेपर घालायचा, तो संपला तर वर्तमानपत्र, ते संपलं तर माझा बनियन. मग आवारातल्या कोर्टवर ऊन पडलं तेव्हा तिथे पसरलं, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी बाजूंना बॉल ठेवले. ॲश्लीच्या पानावर शाई जरा फुटली होती, तिथे मी फुंकर मारत बसलो होतो, कारण ते माझ्या पोराचं पान. तेव्हा तो पावणेचार वर्षांचा, बाजूलाच बॉल लाथाडत होता. त्याला म्हटलं, बघ, तुझं नाव वाचवलं मी. ते पुस्तक पुरात गेलं, असं आज तू म्हणायचंस म्हणून मी तुझ्यापुढे हात जोडतोय. हे बघ, जोडले. पाया पडू का? पडतो. लाज वाटायचे दिवस गेले माझे.

काय? ही कसली वही? दाखले दिल्याची. हो, माहितीये, क्लिफर्ड पण ठेवायचा, कोणी नेला, कशाला नेला. मला कशाला दाखवतेस, मी म्हटलं ना मला दाखला – चष्मा... थांब. आजची तारीख. सकाळी नऊ चाळीस.

ही सही त्याचीच. ए असा वर काढून मग खाली ओढतो, मीच शिकवली, म्हटलं उद्या लोक बॉलवर सही मागतील, नीट गिरवून ठेव. आणि इथे, 'दाखला कशासाठी' यात काय लिहिलंय? तूच वाच. नको, दिसलं. 'माझ्यासाठी.'

दाखल्याची प्रत नेली? शिक्का मारलेली? त्यात तारीख... बरोबर, पुस्तकातलीच असणार. वांद्र्याला, लीगच्या ऑफिसात गेला असेल. एव्हाना पोचला पण असेल. आणि तू इतका वेळ मला बोलू दिलंस. मला आधीच सांगायचंस ना, बाय – पण मी सांगू देत होतो कुठे.

नाही, पुस्तक नको काढूस. मला पाठ आहे ते पान. वाळवलं मीच ना. मालकाला कळवायला हवं, आणि त्या चारकोपच्या पोराच्या घरी जाऊन सांगायला हवं, फोनवर नाही, जाऊनच. काय सांगणार, देव जाणे. संपलं सगळं, एवढंच आहे ते. आणि मला राग यायला हवा त्याचा, तर येत नाहीये. त्याने हात वर केला गं. इतक्या वर्षांनी.

साडेबारा वाजून गेले, तुला बंद करायचं असेल. बस, उठतोच मी – आता कोणाचा फोन? मालकाचाच असेल. नाही. ॲश्लीचा आहे.

तू जा जेवायला, बाय. दार लोटून जा. हा मला एकट्याला घेऊ दे.