एक पॉइंट तीन

हॅलो? … हॅलो, सारिका? हाव, मी आईच बोलून राह्यली. … थांब, बाबाच्या पंप दुरुस्तीच्या दुकानात मोटारीचा आवाज लय हाये, बाहेर येते… हां, बोल. … नाई नाई, आधी माहं ऐक. घाबरू नको बाई, आम्हाले समजलं सारं. … काय म्हंजे काय? तुहा निकाल! काल तू फोटो धाडला, तो कुशलले दाखवला. … हाव, शेजारच्या शैलजाबाईचा. इंजिनीअर हाये म्हून. तो म्हने, काकू, दहापैकी एक पॉइंट तीन! पोरगी पार बुडाली.

हसू नको वं! बाबा कालपासून धड जेवले नाई. मी म्हटलं, जर्मनीले शिकाले गेली म्हून काय झालं, लेकरू आपलं हाये, वापस आनू. खामगावले कॉलेजात नाव घालू. तुही खोलीबी झाडून ठेवली मी. … अवं ऐक ना… हसून काऊन राह्यली?

काय? … उलटं? … एक म्हंजे सगळ्यात वर? अन् पाच म्हंजे नापास? … पुन्हा सांग. … म्हंजे एक पॉइंट तीन म्हंजे… माय वं!

हजेरी लय कडक असंन तिकडं. … हजेरीच नाई? … मंग पोट्टे कॉलेजात येतेच काऊन? … शिकाले? … नुसतं शिकाले? … बाप्पा बाप्पा!

काय म्हनलं? पेपरले कागद घेऊन बसू देते? आपल्या हातानं लिवलेला? … अवं, इकडं त्याच्यासाठी भरारी पथक येते! … हां, म्हंजे प्रश्नच असे का कागदात उत्तर सापडत नाई. … अन् प्रॅक्टिकलची मशीन? … सारी खोलून पुन्हा जोडा लागते? तुम्हालेच? कुशलनं त चार वर्सं दुसऱ्याच्या फायली उतरवल्या.

हो ना, तुमची डिग्री तीनच वर्सांची. … अन् एका विषयात तीनदा नापास झालं त? … साऱ्या देशात तो कोर्स त्याले बंद? कायमचा? … कुशलचं एक गनित सहाव्या खेपेले निघालं वं! … अन् तू, एकटी, परक्या भाषेत, असा धाक डोक्यावर घेऊन… एवढीशी होती तू.

थांब. अहो! अहो, ऐकलं का? नापास नाई झाली पोरगी! वर हाये, वर! तिकडं एक म्हंजे वर असते! … हातातली मोटारीची तार सोडली अन् खालीच बसले. डोळे पुसून राह्यले. … हां? … बाबा इचारते, सुट्टीत येतं ना? … कारखान्यात? सारी सुट्टी? … हाव, हाव, समजलं. कामच शिकाचं हाये त…

सारिके, एक सांगू? रागावू नको. काल तुही खोली झाडताना मले बरं वाटून राह्यलं होतं. नापास त नापास, पोरगी घरी येईन. … मायचं मन हाये, लबाड असते. … रडू नको. मी कुठं रडून राह्यली? … ऐक. येऊ नको तू. … नाई, खरंच येऊ नको. तिथंच राह्य. शिक. … हाव. … हाव वं. … तू ठेव फोन. … नाई, माह्यानं नाई ठेवल्या जात. तूच ठेव. … ठेवला?