रोज आठ

सकाळी साडेदहाला पाणी तपासणी केंद्राच्या खिडकीतून चिठ्ठी बाहेर आली. बाबांच्या घरच्या प्रवाळांच्या समुद्री टाकीतल्या पाण्याची क्षारता चार होती; हवी होती आठ. बहीण-भावाने ती वाचली. मागे विहिरीच्या पाण्याची बाटली धरून उभ्या असलेल्या गवंड्याला सगळं ऐकू येत होतं.

“चार? तू घरी बनवलेलं यंत्र महिनाभर रोज आठ दाखवतंय, दादा.”

“पाण्यात आम्लाचे किती थेंब लागतात त्यावरून ते आकडा काढतं; ती नळी झिजली असणार. थेंब अर्धाच पडतो आणि यंत्र अख्खा मोजतं.”

“म्हणजे चारचे आठ झाले.”

“आणि आठ दिसले की ते टाकीत क्षार सोडत नाही.”

“प्रवाळ पांढरे पडतायत, असं मी सांगितलं होतं. तू म्हणालास, डोळ्यांपेक्षा यंत्राला जास्त कळतं.”

“मग हाताने तपासायचं होतंस.”

“कशाने? माझी तपासणीची पेटी तूच कचऱ्यात टाकलीस. बारा वर्षं थेंब मोजले मी. एकदा तरी चुकले?”

“बाबांसाठीच केलं ना मी?”

“बाबांसाठी, की त्यांनी एकदा तुला शाबास म्हणावं म्हणून?”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. बाबांची वीस वर्षांची टाकी तू एका महिन्यात घालवलीस.”

“तुझा फोन वाजतोय.”

“दवाखान्यातून बाबाच. आजचा आकडा विचारतील. घे, तूच सांग.”

“तुलाच करतात ते रोज.”

“हं, बाबा... हो, आत्ताच तपासलं... आठ.”

बहिणीने फोन ठेवला, तशी भावाने चिठ्ठीची घडी करून खिशात घातली. बाबांना संध्याकाळी पाचला घरी सोडणार होते.