नानांनी न केलेली सही

नानांच्या शोकसभेला जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनो, आणि मागे सतरंजीवर बसलेल्या आयाबहिणींनो,

मला सभेत बोलायची सवय नाही. बाराव्या वर्षापर्यंत मी शाळेतच गेले नाही. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला घरी शिकवलं, आणि घरी कोणी उभं राहून बोलायला शिकवत नाही. म्हणून मी लिहून आणलं आहे.

माझ्याआधी जे बोलले ते नानांचे विद्यार्थी होते, शेजारी होते, पारोळ्याचे नातलग होते. मी त्यांची कोणीच नाही. मी जळगावची. धुळ्याच्या या घरी मी सगळी मिळून पाच वेळा आले. पहिल्यांदा आले ती नानांची सही घ्यायला. त्यांनी ती केली नाही. मला त्या न केलेल्या सहीबद्दल बोलायचं आहे.

आमचे आबा इथेच बसले आहेत. मी त्यांना काल विचारलं, हे चारचौघांत सांगू का? ते म्हणाले, "सांगायचं तर सगळं सांग. माझं वगळू नकोस." म्हणून काही वगळत नाही. माझंही नाही.

मला एक धाकटी बहीण आहे, वत्सला. आम्ही तिला वच्छी म्हणतो. सात वर्षांची आहे. बोलत नाही. एक शब्दही नाही. ती दीड वर्षाची असताना आमची आई गेली. तेव्हापासून तिचं न्हाऊमाखू, खाणंपिणं सगळं जमनाअक्का करते. जमनाअक्का धरणगावकडची. आमच्या घरी कामाला आहे.

वच्छी बोलावी म्हणून आम्ही काय केलं नाही? वैद्यांनी सांगितलं म्हणून जिभेला वेखंड लावलं. जमनाअक्काने एदलाबादला जाऊन मुक्ताबाईला नवस केला. मग एका डॉक्टरांनी तिची जीभ पाहिली, घसा पाहिला आणि आबांना म्हणाले, "जीभ चांगली आहे. वरच काही नाही." वर म्हणजे डोक्यात. त्यांनी सुचवलं की हिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. अर्जाचा कागदही दिला. पण अशा मुलांची पारख असलेल्या कोणाचा तरी लेखी अभिप्राय सोबत लागेल, म्हणाले, त्याशिवाय तिथले घेणार नाहीत.

आता असा माणूस शोधायचा कुठे? डोळे तपासणारा सापडतो. दात काढणारा सापडतो. न बोलणाऱ्या मुलीला किती कळतं, हे पाहणारा माणूस कोणत्या गल्लीत राहतो? कोणाला विचारायचं? आबांनी पुण्याला पत्रं लिहिली, मुंबईला लिहिली. पाच महिने उत्तर नाही. शेवटी मुंबईच्या एका मुक्याबहिऱ्यांच्या शाळेतून एक कार्ड आलं. आमच्याकडे पुष्कळ वर्षं शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ तुमच्या खानदेशातच, धुळ्याला आहेत, त्यांना भेटा. आम्ही सगळा मुलूख धुंडाळत होतो, आणि नाना इथे होते.

ते कार्ड वाचून मला आनंद झाला. तो कशाचा होता हे मला सांगितलं पाहिजे. मला वाटलं, आता सही मिळेल. माझ्यासाठी आलेली दोन स्थळं वच्छीला पाहून परत गेली होती. कोणी तसं तोंडाने बोललं नाही. चहा अर्धा ठेवून उठले एवढंच. धुळ्याला निघालो त्या दिवशी, चाळीसगावला गाडी बदलून बसल्यावर, वच्छी माझ्या शेजारी डुलत होती आणि मी मनात म्हणत होते, एवढं एकदा होऊन जाऊ दे.

नानांनी आम्हाला ओटीवर बसवलं. आधी वच्छीच्या पाठीमागे जाऊन त्यांनी हळूच घंटा वाजवली. तिने मान वळवली. मग त्यांनी दूरवर कागद चुरगाळला. तिने पुन्हा मान वळवली. "बहिरी नाही," नाना म्हणाले. मग चटईवर त्यांनी वस्तू मांडल्या. वाटी, टोपी, कात्री, किल्ली, आणखी काय काय. म्हणाले, "वत्सला, किल्ली दे." ती डुलत राहिली. "किल्ली कुठे आहे? दाखव." काही नाही. "टोपी उचल." काही नाही. तासभर असंच चाललं.

आबा म्हणाले, "आपण सही केलीत तर आम्हाला चारची गाडी मिळेल."

नाना म्हणाले, "गाडी उद्याही आहे."

मग त्यांनी वही उघडली आणि मला विचारलं, "ताई, घरात हिच्याशी कोण बोलतं?"

मी म्हणाले, "आम्ही सगळेच बोलतो."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग मान वर न करता विचारलं, "काल तुम्ही काय बोललात हिच्याशी?"

मला आठवेना. "परवा?" आठवेना. मी आबांकडे पाहिलं. आबा आपली टोपी हातात घेऊन फिरवत होते. मंडळी, आमच्या घरात रोज संध्याकाळी मोठ्याने वाचन होतं. आबा अर्थ सांगतात, मी प्रश्न विचारते. त्या घरात एक मूल बसलेलं असायचं आणि त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. उत्तर देत नाही म्हणून आम्ही बोलायचं सोडलं होतं. कधी सोडलं, तेही आमच्या लक्षात नव्हतं.

नानांनी पायरीकडे पाहिलं. तिथे जमनाअक्का बोचकं घेऊन बसली होती. "बाई, तुम्ही आत या. तुम्ही सांगा हिला काहीतरी."

जमनाअक्का जागची हलेना. म्हणाली, "मी काय सांगू, नाना? आबा रागावतीन. पोरीनी बोली बिघडी जाई, आसं त्यास्नी सांगेल शे माले."

हे खरं होतं. वच्छीसमोर खानदेशी बोलायचं नाही, शुद्धच बोलायचं, असा आबांचा नियम होता. म्हणून जमनाअक्का ओसरीवर गप्प राहायची आणि मागच्या अंगणात, मोरीवर, आम्ही ऐकत नसताना वच्छीशी बोलायची. पाच वर्षं बोलत होती.

नाना आबांना म्हणाले, "अहो, जी बोलतच नाही तिची बोली बिघडणार कशी?"

आबांनी आपली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाले, "बोल, जमना."

जमनाअक्का चटईशी वाकली. "वच्छी, माय, चाबी कोठे शे? दे बरं माले."

वच्छी डुलायची थांबली. तिने किल्ली उचलली आणि जमनाअक्काच्या हातात दिली.

नाना एवढंच म्हणाले, "आणखी सांगा." जमनाअक्काला आता धीर आला होता. "ती टोपी नानाना डोकावर ठेव." वच्छी उठली आणि तिने नानांच्या डोक्यावर टोपी ठेवली. ती उलटी बसली. आम्ही निघेपर्यंत नानांनी ती सरळ केली नाही.

मग जमनाअक्का, न विचारता, त्यांना म्हणाली, "नाना, तिनासंगे कोनी बोलत नही. बठ्ठा जन वाचाले बसतस. मीच बोलस." आम्ही सगळे वाचायला बसतो हे परक्यापुढे बोलून गेल्यावर तिने एकदम घाबरून तोंडाला पदर लावला.

नाना हसले नाहीत. आबांना म्हणाले, "पारोळ्याला माझी आई मला याच बोलीत जेवायला हाक मारायची. आणि मी तासभर या पोरीपुढे 'किल्ली दे, किल्ली दे' करत बसलो. आज नापास कोण झालं असेल तर आधी मी. माझ्याखालोखाल तुम्ही दोघं."

मी सुटल्यासारखी रडायला लागले. त्यावर मात्र ते कडक झाले. "ताई, एवढ्यावरून मुलगी हुशार आहे असं मी म्हणणार नाही. ऐकू येतं. ओळखीच्या बोलीत सांगितलेलं कळतं. किती कळतं, पुढे किती शिकेल, ते पाहायला वेळ लागेल. पण हा कागद घेऊन जा. यावर मी सही करणार नाही." मग त्यांनी वहीतल्या माझ्या 'सगळेच बोलतो' या उत्तरावर रेघ मारली आणि म्हणाले, "हे खरं झालं की पुन्हा लिहू."

दर महिन्याला तिला घेऊन यायचं ठरलं. मला त्यांनी एक वही करायला सांगितली. मला वाटलं, वच्छीने काय केलं ते लिहायचं. ते म्हणाले, नाही. तुम्ही तिच्याशी काय बोललात ते लिहा. रोजची एक ओळ. तिचं मी बघेन.

मंडळी, ही एक ओळ किती जड असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. काही दिवस माझ्याकडे ओळच नसायची. एकदा आठ दिवसांची पानं कोरी राहिली आणि मी ती धुळ्याला निघायच्या आदल्या दिवशी बसून भरली. नानांनी पान उलटलं, शाई पाहिली आणि म्हणाले, "हा आठवडा तुम्ही एका बैठकीत बोललात वाटतं." त्यानंतर मी पान कोरं ठेवते, पण खोटं लिहीत नाही. आणि आबा आता वच्छीला खानदेशीत हाक मारतात. त्यांना ती नीट जमत नाही. जमनाअक्का आत जाऊन हसते.

गेल्या खेपेला नाना म्हणाले होते, पुढच्या महिन्यात सगळा अभिप्राय लिहून देतो, मुंबईच्या शाळेलाही कळवतो. त्याआधीच ही बातमी आली.

मला इथे आज नुसतं दुःख करता येत नाही. मला स्वस्थ बसवत नाही. सही मागणारा अर्ज अजून आमच्या घरी आहे. डॉक्टर विचारतात, त्या धुळ्याच्या गृहस्थांनी काय लिहून दिलं? त्यांनी काही लिहून दिलेलं नाही. मला अशी परीक्षा घेता येत नाही. वच्छीला कळतं असं मला जिथे वाटतं, तिथे मला ते दिसावंसं वाटतं म्हणून दिसत असेल का? हे मी आता कोणाला विचारू? याच ओटीवर मला आणखी दोन आया भेटल्या होत्या. एक शिरपूरकडची, एक इथलीच, जिचा नवरा सुतारकाम करतो. त्यांची मुलंही अशीच अर्ध्या परीक्षेत राहिली आहेत. त्या मागे बसल्या आहेत.

शोकसभेत काही मागू नये. तरी मागते. इथे शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत. अशा मुलांसमोर तासभर बसू शकणारा कोणी तुम्हाला माहीत असेल तर उठण्याआधी आम्हा तिघींना नाव सांगा. तो लांबचा असला तरी चालेल. आणि तो येईतो नानांच्या वह्या कोणी रद्दीत घालू नका. त्यांत आमची मुलं आहेत.

आता आपण नानांसाठी दोन मिनिटं उभे राहू. जमनाअक्का दाराशी वच्छीला घेऊन बसली आहे. सगळे एकदम गप्प झाले की वच्छी आवाज काढते. मोठ्याने काढते. त्या वेळी नाना लिहिणं थांबवून ऐकायचे. तुम्ही मागे वळून पाहू नका आणि तिला कोणी गप्प करू नका.

उभे राहूया.