विमलमावशींचा हुंकार

मावशींच्या घरच्या माणसांनो, कट्ट्यावरच्या मंडळींनो,

आज मावशींच्या शोकसभेला विहारात बसायला जागा नाही. दर रविवारी आपण मोजकी माणसं इथेच गोष्टी ऐकायला बसायचो आणि चटया उरायच्या. एवढी गर्दी बघून मावशी आधी मलाच ओरडल्या असत्या, "यांना अगोदर का नाही आणलंस?"

मला बोलणं जड जातंय. घरून काय बोलायचं ते ठरवून आले होते. आता त्याचा काही उपयोग नाही. का, ते सांगते.

हेंद्रेपाड्यात हा गोष्टींचा कट्टा विमलमावशींनी सुरू केला. गोष्ट तोंडी सांगायची, एवढाच नियम. त्यांनी स्वतः कधी सांगितली नाही. त्या समोर बसून हुंकार द्यायच्या. "हं." "हं, मग?" सांगणाऱ्याला समोरून हुंकार लागतो. नाहीतर भिंतीशी बोलल्यासारखं होतं.

दीड वर्षापूर्वी मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा हातात कागद होता. मावशी म्हणाल्या, "ए बाई, बातम्या देतेस का? ठेव तो खाली. माझ्याकडे बघ." मी बघितलं. त्या "हं" म्हणाल्या, आणि मला पुढचं वाक्य सुचलं. तेव्हापासून माझी प्रत्येक गोष्ट त्या हुंकारावर चालली. हुंकार उशिरा आला, की घरी जाऊन मी तेवढा भाग बदलायचे.

आपले गोपभाई, उल्हासनगरचे कपडेवाले, इथे बसलेत. त्यांची गोष्ट अर्धी सिंधीत. तिथेही मावशींचा हुंकार बरोबर जागी. गोपभाई चिडवायचे, "मौसी, सिंधी कब सीखी?" मावशी म्हणायच्या, "सीखने का क्या है? तुमचं तोंड बघते ना. केवढं हलतं ते!" आपण सगळे हसायचो.

आज सकाळी मी मिलिंदला, त्यांच्या मुलाला, विचारलं, "आईंना माझी कुठली गोष्ट आवडायची रे?" त्याने मला बाजूला नेलं. मग म्हणाला, "ताई, रागावू नका. आईला दोन वर्षं जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. मशीन आणून दिलं, पण घालायची नाही. म्हणायची, कुणाला बोलू नकोस, कळलं तर सांगणारे थांबतील."

तेव्हापासून माझं डोकं चालत नाहीये. मग मी कुणाला सांगत होते? गोष्ट चांगली होती म्हणून हुंकार यायचा, की मी उभी राहावी म्हणून? मी जे जे बदललं, ते सुधारलं की बिघडवलं? रागवावं तर कुणावर? रडायला जाते, तर मध्येच हसू येतं. आणि एक मला कळतच नाही. तो हुंकार नको तिथे एकदाही कसा आला नाही?

बाहेर तुम्ही विचारत होतात, "ताई, रविवारी तुम्ही सांगणार ना? कट्टा बंद नाही ना पडणार?" मला गोष्ट सांगता येते का, हेच आज मला ठाऊक नाही. पण रविवारी मी येईन. मावशी बसायच्या तिथे बसेन. ज्याला सांगायचंय, त्याने उभं राहावं. मला कान आहेत. तेवढ्यावर जमेल का, माहीत नाही.

आता आपण उभे राहू. डोळे मिटू नका. समोरच्या माणसाकडे बघा. दोन वर्षं मावशी ज्या शांततेत बसून आपल्याकडे बघत होत्या, तिच्यात थोडा वेळ आपणही राहू.

मावशी, जय भीम.