प्रसादात मीठ कमी

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी पुढं सरका — आता कुणी सहा फुटांवर बसायला सांगत नाही. आठवतंय ना? त्या दिवसांत मी कीर्तन करायचो मोबाईलपुढं. पेटीवाले काका त्यांच्या घरी, मी माझ्या घरी. मी सूर लावला की काकांची पेटी चार सेकंदांनी वाजायची! देवानं ते कसं ऐकलं असेल, त्याचं तोच जाणे.

तर आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. सोपा आहे, घाबरू नका. आपण ताट वाढतो, देवापुढं ठेवतो, वर तुळशीचं पान, भोवती पाणी फिरवतो, डोळे मिटतो. डोळे उघडले की त्या अन्नाचं काय होतं? — बरोब्बर! मावशी बोलल्या. प्रसाद होतो. मग मला सांगा, प्रसादात मीठ कमी असतं का? आता का गप्प? मग ऐका.

कराडात त्र्यंबकराव सोवनी म्हणून गृहस्थ. मोजणी खात्यातून निवृत्त, अख्ख्या तालुक्याचे बांध मोजलेले. माणूस सज्जन. रोज पूजा, बाराच्या ठोक्याला नैवेद्य. आणि नैवेद्याचा त्यांच्या घरचा नियम काय? तर स्वयंपाक चाखायचा नाही. चाखला की उष्टा! म्हणजे त्यांच्या मंडळींनी, कुमुदताईंनी, चौतीस वर्षं मीठ घातलं ते निव्वळ अंदाजानं. त्र्यंबकराव डोळे मिटून देवाला म्हणायचे, "गोड मानून घे रे बाबा." मग तेच ताट स्वतःपुढं ओढायचे, पहिला घास घ्यायचे, आणि काय म्हणायचे? "अगं, मीठ कमी आहे."

मीठ बरोबर असलं तर फोडणी जळकी. फोडणी बरोबर असली तर पोळी जाड. देवानं गोड मानून घ्यायचं, यांनी मात्र नाही! अहो, नैवेद्याच्या पानात मीठ वेगळं वाढत नाहीत. देवाची तेवढीही सोय नाही. तरी देव कधी बोलला का?

आणि आला लॉकडाऊन! सगळं बंद, साहेब चोवीस तास घरात. पूर्वी फक्त जेवताना नावं ठेवायचे, आता भाजी चिरतानाच सुरुवात. "भेंडी तिरकी का चिरतेस?" "कणकेला एवढं पाणी लागतं?" — बघा, बायका हसतायत आणि पुरुष सतरंजीचे धागे मोजतायत. मोजा, मोजा.

एक दिवस कुमुदताईंना ताप आला. तपासणी झाली, निघाला तोच! डॉक्टर फोनवर म्हणाले, "चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. औषधं देतो, पण वहिनींचं जेवण सुटता कामा नये. अंगात ताकद राहिली तर घरीच बऱ्या होतील. नाहीतर दवाखान्यात न्यावं लागेल." त्या दिवसांत दवाखान्यात नेणं म्हणजे काय होतं, ते इथं कुणाला सांगायला नको. मुलगी बंगळूरला अडकलेली, आळीला बांबू लावलेले, डबा यायची सोय नाही. त्र्यंबकराव घाबरले, मंडळी. खरंच घाबरले.

आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा ओट्याकडे तोंड करून उभे राहिले. बंद दाराआडून संवाद सुरू.

"अगं, मीठ कुठंय?"

"शेगडीजवळ. चिनी मातीच्या बरणीत."

"वरणाला किती घालू?"

"अंदाजानं."

"अंदाजानं म्हणजे किती?"

"अहो, अंदाजानं म्हणजे अंदाजानं!"

तालुका मोजलेला माणूस, त्याला वाटीभर वरणातलं मीठ मोजता येईना. रोज कमी पडतं म्हणून यांनी घातलं तीन चमचे. चाखायचं तर नाही! नैवेद्य दाखवला, बायकोचं ताट दाराशी ठेवलं, ओट्यावरचा पसारा आवरून आपण बसले, पहिला घास घेतला — वरण कसलं, समुद्र होता तो! थुंकणार, तेवढ्यात आठवलं, आत्ताच देवाला दाखवलंय. प्रसाद. टाकता येत नाही. डोळे मिटून गिळला. मग आठवली बायको. धावत दाराशी गेले, "अगं, खाऊ नकोस!" तर ताट रिकामं होऊन बाहेर आलेलं.

"कसं झालं होतं?" यांनी चाचरत विचारलं.

"मला कुठं चव लागतेय? वासही गेलाय. जेवले मी."

त्र्यंबकरावांनी देवाला दंडवत घातला. काय योजना आहे बघा — स्वयंपाकी असा, म्हणून जेवणारीची चवच काढून घेतली!

मग रोज तेच. सोमवारी डाळ करपली. गुरुवारी हिंगाची अख्खी डबी आमटीत उपडी झाली. सगळं आधी देवाला, मग बायकोला, मग स्वतःला. पण आता देवापुढं "गोड मानून घे" म्हणत नव्हते. म्हणायचे, "तुझं तू बघ, पण हिचं ताट रिकामं येऊ दे." आणि ताट रोज रिकामं येत होतं.

पंधराव्या दिवशी कुमुदताई बाहेर आल्या. वाळलेल्या, पण हसत. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, कुकरात डाळीला पाणी सढळ घालावं. सोमवारी खालून लागली होती. आणि हिंगाच्या डबीचं झाकण ढिलं आहे, ते सांगायचं राहिलं."

त्र्यंबकराव बघतच राहिले. "तुला कसं कळलं? चव नव्हती ना?"

"ती पाचव्या दिवशीच आली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही देवाला दाखवून आणत होतात. प्रसादाला काय बोलायचं?" मग म्हणाल्या, "आणि ताट बाहेर येईपर्यंत तुम्ही दाराशी उभे असायचात. खालच्या फटीतून पाय दिसायचे मला."

मंडळी, या माणसाला चौतीस वर्षांत कुणी असं ऐकवलं नव्हतं. तो आत जाऊन देवापुढं बसला आणि रडला.

दुसऱ्या दिवशी कुमुदताईंनी हट्टानं स्वयंपाक केला. अंगात शक्ती नाही. आमटीत मीठ घालायचंच राहिलं. नैवेद्य झाला. त्र्यंबकरावांनी पहिला घास घेतला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा खरोखर मीठ नव्हतं! कुमुदताई तोंडाकडे बघतायत. यांनी घास गिळला, वाटी पुढं केली. "अजून वाढ."

मग कुमुदताईंनी स्वतः घास घेतला. "अहो, यात मीठच नाही! बोलायचं ना!"

त्र्यंबकराव उठले. बरणी कुठं असते ते आता माहीत होतं. आणली आणि बायकोच्या पानाशी ठेवली. "तू घे. मला पुरलं."

आता कुणी म्हणेल, बुवा, मीठ मागायचंच नाही का? मागा की! पण रांधणाऱ्या हाताला टोचून नका मागू. आज इथं महाप्रसाद आहे, खिचडी. मगाशी आतून आचाऱ्यांचा निरोप आला — घाईत मीठ घालायचं राहिलं. आणि नैवेद्य तर दाखवून झालाय! तेव्हा हात जोडा, त्याचं नाव घ्या आणि पानावर बसा. वाढायला मी स्वतः येतोय. पहिल्या घासाला तुमच्या तोंडांकडे बघणार आहे.